समुद्रात न पडणारं रॉकेट

सातारा-सांगलीचा पट्टा यंत्रं घडवणाऱ्यांचा आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, सातारा रोडला कूपरांचा कारखाना उभा राहिला. इथल्या साखर कारखान्यांतले रोलर हंगामामागून हंगाम ऊस पिळतात. झिजले की दुरुस्त होतात आणि पुन्हा कामाला लागतात. फलटणच्या पूर्वेला, नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री करणारं हे गाव इस्रोसाठी रॉकेटची कवचंही घडवतं. चांद्रयान-३ला उचलणाऱ्या एलव्हीएम-३च्या दोन्ही बाजूंना जे जाडजूड बूस्टर दिसतात, त्यांच्या कवचांचे काही भाग इथले.

हे कवच ३.२ मीटर व्यासाचं असतं, आणि जाडी मात्र एका सेंटीमीटरच्याही आत. पोलाद साधं नव्हे, मॅरेजिंग. त्यात कार्बन अगदी नावापुरता आणि निकेल सुमारे १८ टक्के. ते ठरावीक तापमानाला तासन् तास भट्टीत मुरवलं की त्याला विलक्षण बळ येतं. मग त्यात २०० टनांहून जास्त घन इंधन भरतात. १४ जुलै २०२३ला, चांद्रयान-३च्या उड्डाणात, ते पेटलं आणि जेमतेम दोन मिनिटांत, सुमारे ६२ किलोमीटर उंचीवर, बूस्टर सुटून बंगालच्या उपसागराच्या दिशेने पडले. एवढी कारागिरी आणि आयुष्य दोन मिनिटांचं! मला ही गोष्ट अजूनही चटका लावते.

मग ते परत का आणत नाहीत? घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, मनासारखं मंद-तेजही करता येत नाही. उतरायचं तर नेमकं तेच हवं. म्हणून अमेरिकेतल्या स्टारशिप रॉकेटच्या प्रचंड बूस्टरमध्ये द्रवरूप मिथेन आणि ऑक्सिजनवर चालणारी ३३ इंजिनं आहेत. १३ ऑक्टोबर २०२४ला टेक्सासमध्ये सुमारे ७० मीटर उंचीचा तो बूस्टर इंजिनं पेटवून वेग कमी करत खाली आला आणि प्रक्षेपण मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी त्याला अलगद झेललं. मे २०२५मध्ये एकदा उडालेला बूस्टर पुन्हा उडाला.

पण खरी अवघड गाठ बूस्टरच्या वर बसलेल्या यानाची. बूस्टर त्या मानाने लवकर सुटतो. यानाला कक्षेत राहायला ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो, आणि परतताना तो सगळा वेग हवेत जिरवावा लागतो. पुढची हवा दबून इतकी तापते की तिचा प्लाझ्मा होतो. पोलादी अंगावर सिरॅमिकच्या हजारो फरशा बसवायच्या त्या याचसाठी. आणि संरक्षणाचं हे ओझं वाढलं की तेवढं सामान कमी न्यावं लागतं.

भारतानेही ही वाट धरली आहे. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली: पृथ्वीनजीकच्या कक्षेत ३० टनांपर्यंत भार नेणारा, पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा. दुसरीकडे इस्रोचं ‘पुष्पक’ हे पंखवालं यान आहे. चित्रदुर्गाजवळ हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडल्यावर ते स्वतःच धावपट्टी हेरून उतरलं. जून २०२४ला तर मार्चमध्ये उतरलेलं तेच धड पुन्हा वापरलं होतं. त्याने जमिनीला टेकताना ताशी ३२० किलोमीटरचा वेग पेलला. कक्षेतून परतायचं म्हणजे त्याच्या सत्त्याऐंशी पटींहून जास्त वेग जिरवायचा.