बारीक माणसाचं कोलेस्टेरॉल

अंगाने सडपातळ, कसलाही त्रास नाही, मग रक्त तपासायचं कशाला? हा हिशेब चुकतो, कारण रक्तातली चरबी दुखत नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडमधले आकडे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले: ७९ टक्के प्रौढांमध्ये चरबीचा किमान एक घटक बिघडलेला होता. तपासलेल्या सगळ्यांपैकी एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले जेमतेम १३.९ टक्के; ७२.३ टक्के लोकांत कमतरता होती ती एचडीएलची, म्हणजे जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणाऱ्या कणांची. म्हणूनच नुसता एकूण आकडा पाहून निश्चिंत होणं मला धोक्याचं वाटतं. पूर्ण लिपिड प्रोफाइल करून घ्या. आईवडिलांपैकी कुणाला ऐन चाळिशीत हृदयविकार झाला असेल, तर विशीतच.