उतारावरचा वेग आणि मस्तकाचे कवच

जड ते टिकाऊ आणि टिकाऊ ते चांगले, हा हिशेब व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. पितळेचे पातेले हातात तोलून घ्यावे, तिजोरीचे दार बोटाने वाजवून पाहावे आणि मगच भाव विचारावा, ही आपल्या पेढ्यांवरची जुनी रीत. बहुतेक मालाला ती लागूही पडते. हेल्मेटला मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. डोंगरउतारावरून सायकल पिटाळण्याचा खेळ खेळणाऱ्या तरुणासाठी हेल्मेट घेताना तर ती हमखास फसवते.

दुकानात दोन हेल्मेटे शेजारी ठेवली, तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. दोहोंना हनुवटीपुढे कमान, कपाळावर छज्जा, डोळ्यांपुढे गॉगलसाठी मोकळी जागा. एक मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या मार्गावरील मोटारसायकल शर्यतीचे. वजन साधारण १२०० ते १६०० ग्रॅम. दुसरे सायकलचे ‘फुल-फेस’. वजन साधारण ७०० ते ११०० ग्रॅम. पहिले पुष्कळदा स्वस्तही मिळते, आणि त्यावर आयएसआय चिन्ह असते. व्हँकुव्हरला शिकायला निघालेला मुलगा तेथून जवळच असलेल्या व्हिस्लरच्या डोंगरावर सायकल चालविणार, असे कळल्यावर वडिलांनी इथूनच मोटोक्रॉसचे हेल्मेट घेऊन सामानात बांधून दिले, तर त्यांना दोष देता येणार नाही. इंजिनाच्या वेगाला जे पुरते ते सायकलला पुरणारच, हा तर्क वरवर बिनतोड आहे. पण तो अर्धाच खरा आहे.

या खेळाचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन परगण्यात झाला. माउंट तामाल्पाइसच्या परिसरातील एका मातीच्या वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रीपॅक’ नावाची शर्यत प्रथम झाली. जाड टायरच्या जुन्या सायकली, मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेला ब्रेक. उतार संपेपर्यंत त्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीलाच ते नाव पडले. स्वारांच्या अंगात जीन्स आणि जाड बूट असत, डोके बहुधा उघडेच असे. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा डाउनहिल हा स्वतंत्र प्रकार होऊन गेला होता. वेग वाढला, उड्या लांबल्या, आणि सायकलसाठी पुरेशी चांगली फुल-फेस हेल्मेटे बाजारात येईपर्यंत कित्येक स्वारांनी मोटोक्रॉसचीच हेल्मेटे डोक्यावर चढवली. आजही काहींची पसंती त्यांनाच असते, ती या परंपरेमुळे. आता आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमांनुसार डाउनहिल शर्यतीत आणि तिच्या सरावातही फुल-फेस हेल्मेट सक्तीचे आहे.

हेल्मेटचे खरे काम बाहेरचे कवच करीत नाही. ते आतील थर्मोकोलचा थर करतो. डोके आपटले की तो थर चिरडला जातो, आणि त्या चिरडण्यात धक्क्याचा वेग काही सहस्रांश सेकंद लांबवला जातो. मेंदू वाचतो तो एवढ्याच अवधीमुळे. यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. थर चिरडलाच नाही, तर त्याने काही केलेच नाही. मोटोक्रॉसच्या हेल्मेटमधील थर मोठ्या आघातासाठी बेतलेला, म्हणून अधिक घट्ट असतो. जोराने आदळल्यावर तो उत्तम काम करतो. पण मध्यम वेगाच्या पडण्यात तो पुरेसा दबत नाही आणि धक्का आत पोहोचतो. युरोपातील मोटारसायकल हेल्मेटच्या नव्या ईसीई २२.०६ मानकात कमी वेगाच्या आघाताचीही चाचणी घालावी लागली, ती या उणिवेकडे पाहूनच.

चाचण्यांचे आकडे पाहिले की दोन्ही वस्तूंचा हेतू स्पष्ट होतो. ईसीईच्या प्रमुख चाचणीत हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर वेगाने आदळतात, म्हणजे जवळजवळ २.९ मीटर उंचीवरून पडल्याप्रमाणे. अमेरिकेतील सीपीएससी या सायकल मानकात सपाट पृष्ठावर ती उंची २ मीटर आहे, तर युरोपच्या ईएन १०७८ मध्ये सुमारे दीड मीटर. यांपलीकडे केवळ डाउनहिलसाठी एएसटीएम एफ १९५२ हे अमेरिकी मानक आहे. त्याच्या चाचण्या साध्या सायकल हेल्मेटपेक्षा कडक असतात, आणि मुख्य म्हणजे हनुवटीच्या कमानीवर वजन आदळून ती किती आत दबते हेही त्यात मोजले जाते.

ग्राहकाची फसगत होते ती येथेच. ईएन १०७८ मध्ये हनुवटीच्या कमानीची चाचणीच नाही. त्यामुळे एखादे हेल्मेट दिसायला फुल-फेस, कागदोपत्री प्रमाणित, आणि तरीही त्याची कमान कोणी कधी तपासलेली नाही, असे घडू शकते. सायकल-सामानाच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांनी तर माल मागवताना हा मुद्दा पुरवठादाराला विचारलाच पाहिजे. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले ते मोटारदुचाकीच्या हेल्मेटला. सायकलच्या हेल्मेटला तो आदेश लागू नाही. म्हणून आतील लेबलावर ‘एफ १९५२’ हा उल्लेख शोधावा. तो नसेल, तर बाहेरच्या चकचकीत रंगाला फारसा अर्थ नाही.

आता वजनाचा विचार. चार-पाचशे ग्रॅमचा फरक तराजूत क्षुल्लक वाटतो. दगडधोंड्यांवरून तासभर हादरे खाणाऱ्या मानेला तो क्षुल्लक नसतो. पडताना डोके फेकले जाते, तेव्हाही जड हेल्मेट मानेला अधिक ओढते. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान नाजूक. त्यांच्या डोक्यावर मोटोक्रॉसचे हेल्मेट चढवणे हा सरळ अविचार आहे. शिवाय सायकलस्वार स्वतःच्या पायांनी राबतो, घामाघूम होतो. हवा न खेळणाऱ्या हेल्मेटमध्ये गॉगलवर वाफ धरते, आणि वाट दिसेनाशी झाली तर कवच कितीही भक्कम असले तरी पडणे टळत नाही.

मग मोटोक्रॉसच्या हेल्मेटला जागाच नाही काय? आहे. पाळण्यात बसून वर जायचे आणि केवळ उतरायचे, लांब उड्या घ्यायच्या, मान कसलेली, आणि वेग खरोखरच मोटारसायकलच्या जवळ जाणारा, अशा सराईत प्रौढ स्वाराने ते जाणीवपूर्वक निवडले तर ती निवड समर्थनीय ठरते. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमची विश्वचषक धाव सुमारे २.८ किलोमीटरमध्ये ५५० मीटरहून अधिक खाली उतरते. तेथील स्वाराचा हिशेब वेगळा. परंतु पुणे-नाशिककडच्या टेकड्यांवर सुट्टीच्या दिवशी सायकल नेणारा, किंवा परदेशात प्रथमच अशा उतारावर जाणारा विद्यार्थी त्या गटात बसत नाही. त्याच्यासाठी एफ १९५२चे सायकल हेल्मेटच योग्य.

निवड झाली तरी माप चुकले तर सारे व्यर्थ. भुवयांच्या किंचित वर शिंप्याची टेप धरून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेट घातल्यावर गाल दबलेले वाटावेत, कपाळावर मात्र एका बिंदूवर टोचू नये. पट्टा आवळून डोके हलवले असता हेल्मेटसोबत कपाळाची त्वचाही हलली पाहिजे. ‘पुढे वाढेल’ म्हणून मुलाला एक माप मोठे घेणे, ही कपड्यांतली काटकसर येथे नको. डोक्याला बसणाऱ्या पिळाचा धक्का कमी करण्यासाठी काही हेल्मेटांत आत सरकणारा पातळ थर असतो. स्वीडनमधील न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हॉल्डिन यांच्या कार्यातून ‘मिप्स’ नावाने तो पुढे आला. परवडत असेल तर घ्यावा; पण ढिल्या हेल्मेटला तो तारू शकत नाही.

चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे असे ईर्यासमिती सांगते; सेकंदाला दहा-बारा मीटर जाणाऱ्या सायकलीवर ती कशी पाळली जाणार, असा प्रश्न घरातील वडीलधारे विचारतील, आणि तो गैर नाही. आखून दिलेल्या मार्गावरच सायकल चालवावी, रानातून नवी वाट पाडू नये, एवढे पथ्य तरी तरुणांनी पाळावे. हेल्मेटचे अस्तर आणि पट्टे बहुधा कृत्रिम धाग्यांचेच असतात. हातमोजे घेताना मात्र चामडे तपासून घ्यावे.

मोठा आघात झालेले हेल्मेट वरून निर्दोष दिसले तरी आतला थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. ते बदलावेच लागते. जुने हेल्मेट भंगारात देताना त्याचे पट्टे कात्रीने कापून टाकावेत, म्हणजे ते उचलून दुसरा कोणी आपल्या मुलाच्या डोक्यावर चढवणार नाही.