टीव्हीने आपल्याला काय शिकवलं?

आज लोह्यात काय किंवा वाडी-तांड्यावर काय, टीव्हीची नवलाई राहिली नाही. पण तो नवा होता, तेव्हा त्याने आपलं वागणं आणि मत देणंसुद्धा कसं बदललं, ते आज समजून घेऊ.

आपल्या देशात टीव्ही १९५९ साली दिल्लीत सुरू झाला. मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दाखवले. शेजारचे कर्नाटक आणि आंध्र त्यात होते, आपला महाराष्ट्र नव्हता. शेती, आरोग्य, शाळा असे विषय असत आणि गाव एकत्र बसून पाही.

पण तोच काळ आणीबाणीचा. टीव्ही सरकारच्या हाती, म्हणून विरोधकांचा आवाज त्यावर येत नसे. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीत विरोधकांची मोठी सभा होती. लोकांनी घरीच बसावं म्हणून त्या संध्याकाळी 'बॉबी' सिनेमा लावला, असं सांगतात. तरी मैदान भरलंच!

१९८४ ला 'हम लोग' मालिका आली. कुटुंब लहान ठेवा, मुलीला मान द्या, हे गोष्टीतून सांगायचं होतं. त्यातली आई भागवंती सगळं मुकाट सोसायची. असं सोसणं बरं नव्हे, हे दाखवायचा हेतू होता. पण अभ्यासकांनी विचारलं, तेव्हा कित्येक बायांना तीच आदर्श वाटली होती. म्हणजे दाखवणाऱ्याच्या मनात एक, पाहणाऱ्याच्या मनात दुसरंच. शिवाय मालिकेसोबत नूडल्सची जाहिरातही घरात शिरली.

१९८५ ला आली 'रजनी'. प्रिया तेंडुलकर यांची ही गृहिणी अन्याय दिसला की थेट जाब विचारायची. टॅक्सीवाल्यांनी तर तिच्याविरुद्ध निषेध केला! १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो काही मालिकेने आणला नाही, ग्राहक संघटना आधीपासून झटत होत्या. पण बाईने बिल मागावं, तक्रार लिहावी, हे रजनीने घरोघर दाखवलं.

मग १९८७ ला 'रामायण' आलं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्यातली सीता दीपिका चिखलिया आणि रावण अरविंद त्रिवेदी, दोघंही १९९१ ला गुजरातेतून खासदार झाले. 'महाभारत'मधले कृष्ण नितीश भारद्वाज १९९६ ला निवडून आले. लोकांनी मत उमेदवाराच्या कामाला दिलं, की पडद्यावरच्या रूपाला?

आता टीव्ही मोबाईलमध्ये शिरलाय. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. हे आपल्याला कोण दाखवतंय? त्यासाठी पैसा कोण देतंय? आणि त्यातली बाई सोसणारी आहे, की विचारणारी?

मैत्रिणींनो, पाहायला हरकत नाही. पण पाहताना विचारायला विसरू नका.