जनुकाची मक्तेदारी

मक्तेदारीचे प्रकरण शिकविताना मीठ, वीज, रेल्वे यांची उदाहरणे देण्याचा आम्हा प्राध्यापकांचा प्रघात आहे. मनुष्यदेहातील एखादे जनुकही मक्तेदारीचा विषय होऊ शकते, असे सांगितले तर विद्यार्थी अविश्वासाने पाहतात. अमेरिकेत मात्र हे घडले आणि सुमारे १५ वर्षे टिकले.

पेशीतील डीएनएला सतत काही ना काही इजा होत असते. त्याचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणे ही त्यांतील अत्यंत घातक इजा होय. ती बिनचूक सांधण्याच्या कामी ‘बीआरसीए-१’ या जनुकापासून बनणारे प्रथिन साहाय्य करते. हे जनुक जन्मतःच सदोष असेल तर बिघाड साचत जातात आणि स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक होते. एरवी अमेरिकेत ती १३ टक्क्यांच्या आसपास असते.

हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखविले. १९९४ मध्ये युटा राज्यातील मिरियड जेनेटिक्स ही कंपनी व तिचे सहकारी यांनी ते नेमके हुडकले. या कामात सरकारी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. पुढे पेटंटे मिळाली आणि चाचणीचा अधिकार व्यवहारतः एकाच कंपनीच्या हाती गेला. चाचणीची किंमत ३,००० डॉलरांच्या वर चढली. एका अहवालावर विसंबून स्तन किंवा अंडाशय काढून टाकण्याचा निर्णय घ्यावयाचा, पण तो अहवाल दुसरीकडे पडताळून पाहण्याची सोय नाही! किमतीपेक्षाही ही असहायता अधिक क्लेशकारक होती.

संशोधनाला भांडवल लागते आणि परताव्याची आशा नसेल तर भांडवल येत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, निसर्गातील डीएनए केवळ वेगळा काढल्याने पेटंटयोग्य ठरत नाही. प्रयोगशाळेत घडविलेला पूरक डीएनए मात्र ठरू शकतो. त्याच दिवशी एका प्रतिस्पर्ध्याने ही चाचणी ९९५ डॉलरांत देऊ केली. स्पर्धेचा एवढा स्पष्ट धडा पाठ्यपुस्तकांतही क्वचितच सापडेल.

तथापि गोष्ट येथे संपत नाही. या जनुकात आढळणाऱ्या असंख्य फेरबदलांपैकी घातक कोणते आणि निरुपद्रवी कोणते, हे अनेक कुटुंबांच्या नोंदी ताडून पाहिल्यावरच उमगते. मक्तेदारीच्या काळात जमलेला हा संग्रह निकालानंतरही कंपनीने आपल्याच तिजोरीत ठेवला. जनुक मोकळे झाले, त्याचा अर्थ लावण्याची किल्ली मात्र अडकून राहिली. ज्या स्त्रियांच्या रक्तातून हे ज्ञान उभे राहिले, त्यांच्या मुलींनाही त्याचा मुक्त लाभ मिळू नये, याला न्याय कसे म्हणावे?

पेटंट ही समाजाने शोधकाला दिलेली मुदतीची सवलत आहे. तिच्या मोबदल्यात शोधकाने ज्ञान उघड करावयाचे असते. सवलत भोगून झाल्यावर ज्ञान झाकून ठेवणे म्हणजे घेतलेल्या कर्जाची परतफेड नाकारणेच होय. अशा चाचण्यांना मान्यता देतानाच, रुग्णांची ओळख गुप्त राखून निष्कर्ष सार्वजनिक संग्रहात जमा करण्याची अट कायद्याने घातली पाहिजे.