प्याल्यात काय असतं: वाइन की द्राक्षरस?



नाताळ जवळ आला की वर्गात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "तुमच्या चर्चमध्ये दारू देतात ना रे?" अंधेरी-बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, वर्गात एखादं ख्रिस्ती मूल असतंच. बाकीचे हसतात, ते मूल मान खाली घालतं. म्हणून याचं नीट उत्तर आपल्याकडे हवं.

मूळ प्रसंग

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसोबत भोजन केलं. भाकर मोडून दिली, प्याला दिला आणि माझ्या आठवणीसाठी हे करत जा, असं सांगितलं. हाच विधी आजही होतो. प्रॉटेस्टंट मंडळी त्याला प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिकांच्या मिस्साचा तो गाभा आहे.

शुभवर्तमानांत या प्रसंगी प्याल्याचा आणि द्राक्षवेलीच्या उपजाचा उल्लेख आहे, 'वाइन' हा शब्द नाही. पण थोडं विज्ञान लावून बघा. हा वल्हांडण सणाचा काळ, म्हणजे मार्च-एप्रिल. तिथली द्राक्षं पिकतात उन्हाळ्याच्या अखेरीस. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतं, त्यामुळे रस काही दिवसांतच आंबतो. इतके महिने टिकणार ती वाइनच!

दोन पद्धती

कॅथलिक नियम स्पष्ट आहे: वाइन द्राक्षांचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी. धर्मगुरू तिच्यात थोडं पाणी मिसळतात. मरोळ किंवा आय. सी. कॉलनीतल्या चर्चमध्ये मुलं पहिलं कम्युनियन घेतात, तेव्हा त्यांना सहसा गव्हाची पातळ चकतीच मिळते. दोन्हींपैकी एक घेतलं तरी ख्रिस्त पूर्णपणे मिळतो, अशी श्रद्धा आहे. ज्या धर्मगुरूंना मद्य चालत नाही, त्यांना परवानगीने 'मस्टम' म्हणजे जेमतेम आंबलेला द्राक्षरस वापरता येतो.

मेथडिस्ट आणि इतर अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये मात्र न आंबवलेला रस देतात. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची पद्धत वापरून, रस तापवून टिकवला. दारू सोडलेल्या माणसाला चर्चमध्येच पुन्हा तिची चव लागू नये, ही कळकळ त्यामागे होती.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण बेने इस्राएलांचं. ही मराठी बोलणारी ज्यू मंडळी शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुकांचं सरबत करतात. म्हणजे हा मार्ग आपल्या मातीतही सापडतोच.

वर्गात काय सांगावं?

एक, तो विधीतला घोटभर अंश आहे, पार्टी नव्हे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही धार्मिक विधीच्या वाइनसाठी वेगळी तरतूद ठेवली होती. दोन, नाताळला ईस्ट इंडियन घरांत केली जाते ती वाइन पाहुणचाराची. तिची आणि वेदीवरच्या प्याल्याची गल्लत करू नये. तीन, "सगळे ख्रिस्ती असंच करतात" असं म्हणू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या मुलाला उभं करून "तूच सांग" म्हणू नका. उत्तर आपण द्यावं. मग त्याला हवं असेल तर ते आपणहून बोलेल.