ऐंशी डेसिबल आणि अठराशे रुपये

गुजरातच्या सरहद्दीला टेकून वसलेले सुरगाणा 1948 पर्यंत देशमुखांच्या एका लहानशा संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. आज ते तालुक्याचे गाव आहे, आणि ज्या डोंगरांनी त्याला एके काळी बाहेरच्या जगापासून दूर ठेवले तेच डोंगर आता, रात्री एखादी बुलेट घाट चढू लागली की, तिचा आवाज एकमेकांकडे फेकीत राहतात. रुग्णालयात एका आप्ताच्या उशाशी बसलो असता तो मी ऐकला, आणि तो बंद करून देणारा एक मिस्त्री बाजारपेठेच्या टोकाला आहे असे सकाळी चहाच्या टपरीवर कळले, म्हणून त्याच्या गॅरेजात गेलो.

आवाजाशी या मुलखाचे मुळीच वैर नाही. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी रात्र रात्र वाजते, बोहाड्यात संबळाच्या तालावर सोंगे पहाटेपर्यंत नाचतात, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. परंतु तो गोंगाट गावाने तिथी पाहून, वर्गणी काढून केलेला असतो.

मिस्त्री पन्नाशीचा, अल्पभाषी. त्याच्यापुढे उभी असलेली गाडी एका विशीतल्या तरुणाची होती. मूळचा सायलेन्सर उतरवून त्याने नाशिकहून अठराशे रुपयांचे एक चकचकीत नळकांडे आणून बसविले होते, आणि तपासणीत सापडल्यामुळे जुना सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून तो आता परत आला होता. इंजिनातील प्रत्येक स्फोटानंतर दाबाखालचा वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो; त्या धक्क्यांना आडपडद्यांवर आपटावयास लावून, छिद्रांच्या नळीतून व कप्प्याकप्प्यांतून फिरवून, काही सायलेन्सरांत तर काचेच्या लोकरीत मुरवून थकविण्याची जी योजना कारखान्यात केलेली असते, तिचा या अठराशेच्या नळकांड्यात मागमूसही नव्हता. वर ‘फटाके’ निराळेच: धावत्या गाडीची चावी क्षणभर बंद केली की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत साचते, आणि चावी पुन्हा फिरविताच तेथेच भडकते.

ही हौस जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मोटारींत ‘कटआउट’ नावाची एक झडप असे. चालकाने पायाने कळ दाबली की धूर सायलेन्सरला वगळून परस्पर बाहेर पडे. चढावर त्याने जोर वाढतो अशी सबब सांगितली जाई, पण सपाट रस्त्यावरही ती इतक्या सढळपणे दाबली जाऊ लागली की युरोप-अमेरिकेतील शहरांना मनाईहुकूम काढावे लागले. आज तीच झडप रिमोटवर उघडते. सबबही तीच आहे.

आपल्याकडे 175 घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीस कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, आणि या मोजणीत दहाची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेची दहापट. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने आवाजाच्या कसुरीस दहा हजारांपर्यंत दंड ठेवला, परवाना तीन महिने अपात्र ठरविण्याची तरतूद केली, आणि मालकाने गाडीत बेकायदा फेरफार केल्यास प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड सांगितला. पुणे-नागपुरास जप्त केलेली नळकांडी रस्त्यावर मांडून पोलिसांनी त्यांवर रोलर फिरविले, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. मिस्त्रीला त्या देखाव्याचे कौतुक नव्हते. “रोलर नळीवर फिरतो, साहेब. दुकानावर फिरत नाही,” एवढेच तो बोलला, आणि कायद्याने विक्रेत्यालाही शिक्षा सांगितली असताना अठराशेची नळी उघड्या दुकानात मिळते, हे पाहता मला त्याचे म्हणणे खोडता आले नाही.

गंजलेले नट डिझेल सोडून सैल झाले, नळकांडे उतरले, नवे गॅस्केट बसले. काजळी आणि अर्धवट जळलेले पेट्रोल यांचा उग्र वास अजून नाकातून गेलेला नाही. पण त्याहून अधिक आठवते ती त्यानंतरची परीक्षा. गाडी चालू करून मिस्त्रीने हाताला ओल्या फडक्याचा जाड बोळा गुंडाळला, सायलेन्सरच्या तोंडावर तो घट्ट दाबला, आणि मान कलती करून इंजिनाजवळच्या सांध्याकडे कान दिला. सांधा पक्का असेल तर कोंडलेल्या धुराने इंजिन गुदमरून बंद पडते. फट राहिली असेल तर तेथून फुसफुस ऐकू येते. फुसफुस आली. त्याने नट अर्धा फेरा आवळला, पुन्हा बोळा दाबला. या वेळी इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. डेसिबलचे यंत्र त्याने जन्मात पाहिलेले नव्हते.

तरुणाने मजुरी दिली आणि उतरविलेले नळकांडे गोणपाटात घालू लागला. “मिस्त्री, अठराशे मोजलेत,” तो म्हणाला. मिस्त्रीने ते काही न बोलता त्याच्या हातून घेतले, कटरने मधोमध उभे चिरले आणि मग परत दिले. “आता ने. भंगारवाला येईल ते देईल. धड दिले असते, तर महिन्याभरात दुसऱ्याच्या गाडीला लागून माझ्याच दारी आले असते.” तरुण हिरमुसला, तरी वजनावर किती येतील हे त्याने विचारलेच.