सहायक अनुदान आणि जुने मराठी मुद्रित

मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यास शासकीय अनुदानाचे नियम वाचण्याची गरज सहसा भासत नाही. तो विषय ग्रंथालयशास्त्राचा किंवा लेखापरीक्षणाचा, अशी आपली समजूत असते. परंतु एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांवर काम करणारा संशोधक ‘विविधज्ञानविस्तारा’चे एखादे पुस्तक हाती घेतो तेव्हा ते तिथवर टिकून का राहिले, हा प्रश्न त्याच्या विषयाबाहेरचा राहत नाही. ते टिकले याचे कारण बहुधा वाङ्मयीन नसते. कोणीतरी कपाट घेतले, कोणीतरी बांधणीचे पैसे दिले, कोणातरी ग्रंथपालाला अपुरा का होईना पण पगार मिळत राहिला, ही ती कारणे होत. या खर्चांना महाराष्ट्रात १९६७ नंतर जो शासकीय आधार मिळाला त्याची रचना कशी आहे, आणि त्या रचनेत जुन्या मुद्रिताला कोणते स्थान मिळते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण ज्या संग्रहांच्या आधारे संशोधन करतो त्यांचा पाया अनुदानपूर्व काळातला आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याची नेटिव जनरल लायब्ररी १८४८ ची आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, वकील, शिक्षक आणि पेन्शनर यांच्या वर्गण्या व देणग्यांवर ही ग्रंथालये चालली. पुढे ठाण्यास १८९३ मध्ये आणि मुंबईस १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली, ती मात्र वेगळ्या हेतूने. मराठीत छापलेला प्रत्येक ग्रंथ एका छपराखाली यावा, ही त्यांच्या संस्थापकांची आकांक्षा होती. ‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथसंग्रहालय’ या दोन शब्दांत आपल्या पूर्वसूरींनी केलेला हा भेद अर्थपूर्ण आहे. पहिल्यात देवघेव प्रधान, दुसऱ्यात जतन. अनुदानाच्या नियमांनी हा भेद पुढे पुसून टाकला, असे म्हणावे लागते.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पुढील वर्षी आपला अहवाल दिला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका असे करीत खेड्यापर्यंत जाणारी उतरंड तिने सुचविली. युद्धामुळे ही योजना लांबली आणि १९४६-४७ च्या सुमारास अंमलात येऊ लागली. ती राबविताना सरकारने सर्वत्र नवी ग्रंथालये काढली नाहीत. गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या संस्थांनाच जिल्हा किंवा तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता देऊन अनुदान सुरू केले. या निर्णयाने महाराष्ट्राच्या ग्रंथालयव्यवस्थेचे स्वरूप कायमचे ठरले. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय-कर बसवून स्थानिक सार्वजनिक प्राधिकरणे निर्माण केली. कोल्हापूर संस्थानाने तर त्याही आधी, १९४५ मध्ये, स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यात कराची तरतूद नाही. त्याऐवजी राज्य ग्रंथालय निधीत शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, असे म्हटले आहे. या व्यवस्थेत लोकांच्या संस्था लोकांच्याच राहिल्या, हा मोठा लाभ झाला. मात्र अनुदानाचा आकडा दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहिला, आणि संस्थांच्या कार्यकारी मंडळांना मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांकडे डोळे लावून बसण्याची सवय लागली.

अनुदानाची यंत्रणा १९७० च्या नियमांनी बांधली आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असून संस्था जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याच्या ठिकाणी की अन्यत्र आहे यावर तिच्या अनुदानाची कमाल मर्यादा ठरते. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, येणारी दैनिके व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास आणि सेवकवर्ग यांवरून. मान्य खर्चाच्या ९० टक्के किंवा वर्गाची कमाल मर्यादा, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती दोन हप्त्यांत मिळते आणि उरलेला भाग संस्थेने वर्गणी-देणग्यांतून उभा करावयाचा असतो. अनुदानापैकी निम्मी रक्कम वेतनावर, पाव ग्रंथखरेदीवर आणि पाव अन्य बाबींवर खर्च व्हावी, असा दंडक रूढ आहे. हे दर अनेक वर्षे गोठून राहिले होते. २०२२ साली त्यांत ६० टक्के वाढ करण्यात आली, तेव्हा जिल्हा ‘अ’ वर्गाची मर्यादा ७,२०,००० रुपयांवरून ११,५२,००० वर गेली आणि ‘ड’ वर्गाची ३०,००० वरून ४८,००० वर. या वाढीनंतर ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाच्या वाट्याला वेतनासाठी वर्षाला २४,००० रुपये आले. म्हणजे ग्रंथपालास महिना २,००० रुपये. ग्रंथपालाचे हे मानधन वाचून दुर्मिळ संग्रहाच्या जतनाची चर्चा कोणास चैनीची वाटली, तर त्यास दोष देता येणार नाही.

तरीही ती चर्चा केली पाहिजे. जुने संग्रह बहुशः ‘अ’ वर्गाच्या जिल्हा व तालुका ग्रंथालयांत आहेत. अनुदानाच्या निकषांत त्यांना काय मोल आहे? ग्रंथसंख्येच्या रकान्यात गेल्या वर्षी घेतलेली कादंबरी म्हणजे एक ग्रंथ आणि १८५५ चे शिळाछाप पुस्तकही एकच ग्रंथ. नियतकालिकांच्या रकान्यात चालू वर्गणीची मासिके मोजली जातात. ‘मराठी ज्ञानप्रसारका’चे किंवा ‘मासिक मनोरंजना’चे बांधीव अंक त्यात येत नाहीत. सभासदसंख्येला संशोधक उपयोगी पडत नाही, कारण तो परगावचा असतो, चार दिवस बसून टिपणे काढतो आणि निघून जातो. त्याच्यासाठी ग्रंथपालाने माळ्यावरून गठ्ठे उतरविले, धूळ झाडली, तर त्या श्रमांची नोंद तपासणीच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही.

एका बाबतीत मात्र हेच निकष जुन्या ग्रंथांच्या अनपेक्षितपणे कामी आले आहेत. वर्ग टिकवायचा तर एकूण ग्रंथसंख्या घटून चालत नाही. म्हणून कोणी न वाचणारी, जीर्ण झालेली पुस्तके बाद करण्यास व्यवस्थापक मंडळे कचरतात. दाखल नोंदवहीतील अनुक्रमांकाच्या आधाराने कित्येक दुर्मिळ पुस्तके अशी जगली आहेत. अर्थात संख्या म्हणून जगलेले पुस्तक आणि ग्रंथ म्हणून जपलेले पुस्तक यांत अंतर आहे. पहिले माळ्यावर असते.

बांधणीचा खर्च ‘अन्य बाबीं’च्या चतुर्थांशात बसवावा लागतो. त्याच चतुर्थांशातून वीज, भाडे, दुरुस्ती आणि लेखनसामग्री भागवायची असते. परिणामी बांधणी करणारा स्वस्तातला निवडला जातो. तो अंक एका मापाचे करण्यासाठी कडा कापतो, समासातील टिपांसह कापतो, आणि जाहिरातींची पाने व मुखपृष्ठे निरुपयोगी समजून टाकून देतो. नियतकालिकाचे मूल्य, वर्गणीचे दर, पोचपावत्या, नव्या पुस्तकांच्या जाहिराती हा सारा ऐवज बहुधा त्या पानांवरच असे. वाचकवर्गाच्या इतिहासाची साधने आपण अशी शिवणीच्या टेबलावर गमावली आहेत. कागदाचा प्रश्न निराळाच आहे. चिंध्यांपासून केलेला जुना कागद पुष्कळदा धडधाकट राहतो. लाकडाच्या लगद्याचा, त्यानंतरचा स्वस्त कागद मात्र पिवळा पडून बोटांत तुटतो. त्यामुळे १८४० चा ग्रंथ चांगल्या स्थितीत आणि १९१५ चे मासिक चुऱ्याच्या अवस्थेत, असे उलटे दृश्य दिसते. ‘जुने ते आधी वाचवा’ हा सरधोपट नियम येथे लागू पडत नाही.

हस्तलिखिते आणि वस्तू यांच्या वाट्याला शासनाची निराळी दृष्टी आली. डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितसंग्रह १९१८ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. २००३ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू केले. त्याच्या व्याख्येनुसार हस्तलिखित किमान ७५ वर्षांचे असावे लागते, आणि शिळाछाप व मुद्रित ग्रंथ हस्तलिखितांत मोडत नाहीत. शास्त्रदृष्ट्या ही व्याख्या बरोबर आहे. परंतु तिचा व्यावहारिक परिणाम असा की, १८६० मध्ये पोथीच्या आकारात छापलेला शिळाप्रेसचा ग्रंथ या योजनेबाहेर राहतो, आणि त्याच ग्रंथावरून कोणी १९२० मध्ये हाताने केलेली नक्कल योजनेत बसू शकते.

वस्तुसंग्रहालयांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयाचे संस्थापक दि. गं. केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, हे मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दरवाजे अशा घरगुती वापरातील वस्तू त्यांनी गोळा केल्या, आणि पुढे तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. वस्तुसंग्रहालयात आल्यावर अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे राहत नाही. त्याची स्वतंत्र नोंद होते, माप घेतले जाते, स्थिती लिहिली जाते. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत ग्रंथाचे नाव, कर्ता, प्रकाशक, किंमत एवढेच येते. पान फाटले आहे काय, आधीच्या मालकाची सही आहे काय, हे कोणी लिहीत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने वाङ्मयीन मूल्य असलेल्या ७५ वर्षांपूर्वीच्या हस्तलिखिते, अभिलेख व दस्तऐवजांना पुरावस्तूंच्या व्याख्येत स्थान दिले आहे. वाङ्मयीन मूल्य ही कल्पना म्हणजे कायद्याला परकी नाही. ग्रंथालयाच्या अनुदान-नियमांनी मात्र तिची दखल घेतलेली नाही.

केंद्राच्या योजनांनी ही उणीव भरून काढली असती. पण तसे घडले नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक नव्या प्रकाशनाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील चार ग्रंथालयांस देणे प्रकाशकावर बंधनकारक केले. हा लाभ त्यानंतरच्या ग्रंथांचा. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान समान निधी व असमान निधी अशा दोन प्रकारे साहाय्य करते. समान निधीत राज्याचा व प्रतिष्ठानचा वाटा एकत्र येतो आणि त्यातून मुख्यतः नवे ग्रंथ घेऊन ग्रंथालयांना वाटले जातात. असमान निधीत सुवर्णमहोत्सवी, शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयांना अर्थसाहाय्याची तरतूद आहे. येथे वय मोजले जाते ते संस्थेचे, संग्रहाचे नव्हे.

या सर्वांत शासनाची बाजूही समजून घेणे न्याय्य होईल. मे २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील १२ हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ठिकाणी ग्रंथालय कागदावरच असल्याचे आढळले, काही ठिकाणी पुस्तके नोंदींपेक्षा कमी निघाली. त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ थांबविण्यात आली. अशा अनुभवानंतर प्रशासन मोजता येईल त्याच गोष्टींवर विसंबणार, हे उघड आहे. तलाठ्याला ग्रंथ मोजता येतात. दोलामुद्रित ओळखता येत नाही. आणि गावोगावची ‘ड’ वर्गाची ग्रंथालये नसती तर मराठी कादंबरीच्या आवृत्त्यांचे काय झाले असते, याचा विचार प्रकाशकांनी केव्हाच करून ठेवला आहे.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ संगणकीय रूपात उपलब्ध करून दिले, ही समाधानाची बाब. परंतु प्रतिमा निघाल्यावर मूळ प्रतीची गरज संपली, असा अर्थ काढला जाऊ लागला तर तो घातक ठरेल. एकाच वर्षी निघालेल्या दोन प्रतींतही पाठ, जोडपाने, शुद्धिपत्रे यांत फरक सापडतो. पाठचिकित्सा करणाऱ्यास एक प्रत पुरत नाही.

येथे विद्यापीठांच्या मराठी विभागांचा संबंध येतो. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४४ मध्ये सिद्ध केली आणि १९३८ ते १९५० चा पुढील भाग १९६१ मध्ये. कोणता ग्रंथ छापला गेला हे त्या सूचीवरून कळते. तो आज कोणत्या गावी, कोणत्या स्थितीत आहे, हे कळत नाही. पीएच. डी. च्या निमित्ताने विद्यार्थी ज्या ग्रंथालयांत बसतात तेथील १८६७ पूर्वीच्या दोलामुद्रितांची आणि १९२० पर्यंतच्या नियतकालिकांची स्थितिदर्शक यादी त्यांनी जिल्हावार केली, तर ती संशोधनसाधन तर होईलच, शिवाय ग्रंथालय संचालनालयापुढे मोजता येण्याजोगी संख्या म्हणूनही ठेवता येईल. ‘दुर्मिळ संग्रह’ असा एक स्वतंत्र रकाना तपासणी-तक्त्यात घालणे आणि त्याच्या प्रमाणात बांधणी व जतनासाठी ठरावीक रक्कम अन्य खर्चातून वेगळी राखणे, यासाठी नवा कायदा लागत नाही; १९७० च्या नियमांत दुरुस्ती पुरते. ती होईपर्यंत निदान एवढे व्हावे की, बांधणीस जाणाऱ्या जुन्या अंकांची मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने कापू नयेत, अशी लेखी सूचना प्रत्येक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातील ग्रंथपालांना पाठवावी.